औषध पेढ्यात घालून द्यावं का?

पथ्यपाणी

चूर्णाची पुडी हातात पडली, की धाराशिवच्या दुकानात पुढचा प्रश्न ठरलेला: "गोड खाल्लेलं चालतं का?" दुकानदार तोंड उघडायच्या आत शेजारचं गिऱ्हाईक निकाल देऊन मोकळं होतं, "गोडानं औषधाचा गुण जातो, काकी." त्याच काकी घरी गेल्यावर नातवाला सुंठ-गुळाची गोळी देतात, आणि कडू काढा असेल तर वर पेढ्याचा तुकडा. एका तोंडानं पथ्य आणि दुसऱ्या हातानं पेढा, असा आपला कारभार.

आयुर्वेदाचं गोडाशी वैर कधीच नव्हतं. सितोपलादि चूर्णच बघा: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१ भागांत साखरच अर्ध्याहून जास्त. आसवं-अरिष्टं गूळ, साखर किंवा मधाशिवाय आंबतच नाहीत. मध तर ठरलेलं अनुपान, म्हणजे औषधाबरोबर घ्यायचा पदार्थ. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये. त्यातून होणारी जंतूची विषबाधा त्या वयात जिवावर बेतू शकते. बाकीच्यांसाठी अनुपान म्हणून गोड चमचाभरच. वाटीभर गुलाबजाम त्यात बसत नाहीत.

मग गोडानं गुण जातो का? साखरेचा दाट पाक पोटात गेला, की जठर सावकाश रिकामं होतं आणि औषध आतड्यात उशिरा पोचतं. पण उशिरा पोचणं वेगळं आणि वाया जाणं वेगळं. उलट आतड्यातून आत शिरताना ग्लुकोज मिठातल्या सोडियमला बरोबर नेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. याच जोरावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत साखर-मिठाच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. साखरेला सरसकट गुन्हेगार ठरवायचं कारण नाही.

आपल्या जिल्ह्यात गोड म्हटलं की खवा आलाच. भूम-कळंबकडच्या भट्ट्यांवर चार-पाच लिटर दूध आटतं तेव्हा कुठे किलोभर खवा पडतो आणि त्याचा कुंथलगिरीचा पेढा होतो. दूध आटलं म्हणजे त्यातलं कॅल्शियमही दाटलं. आता अंगात रक्त कमी म्हणून पुनर्नवा मंडूर किंवा धात्रीलोह चालू असलेल्या बाईनं गोळीवर पेढा खाल्ला, तर लोह शोषलं जायला अडथळा होतो. तो अडथळा साखरेचा नव्हे, कॅल्शियमचा. म्हणजे ही बाई बिनसाखरेचा दुधाचा चहा पीत असली, तरी पथ्य मोडतंच. चहातलं टॅनिन त्यात आणखी भर घालतं. धात्रीलोहात लोहाबरोबर आवळा असतो. आंबट फळांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, तेव्हा अशा औषधावर पेढ्यापेक्षा लिंबाचं पाणी बरं. हिरड्यासारखी तुरट द्रव्यंही दुधातल्या प्रथिनांना चिकटतात. पेढा खायचाच असेल तर मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत.

हळदीचं गणित आणखी वेगळं. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. मिऱ्यातल्या पिपरिननं ते रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालणं शहाणपणाचं. साखर फक्त जिभेच्या समाधानाला.

खरी चिंता शोषणाची नाही, साखर असलेल्या माणसाची आहे. "झाडपाल्याचं आहे, काही होत नाही" म्हणत मधुमेही लोक च्यवनप्राश चमच्यानं खातात. २०२० साली आयुष मंत्रालयानं काढ्यात चवीपुरता गूळ चालेल म्हटलं, रोज १० ग्रॅम च्यवनप्राशही सुचवला. पण मधुमेहींनी तो बिनसाखरेचाच घ्यावा, हेही त्याच पत्रकात होतं. काढा घरोघरी पोचला, पुढची ओळ तेवढी गळाली. कुणी सकाळी गुडमारची पानं चावतं, जिभेवरची गोडी काही वेळ जाते म्हणून खूश होतं आणि दुपारी अरिष्टाचे चार चमचे घेतं. त्या अरिष्टात गूळ किती गेला, हे बाटलीवरच्या घटकांच्या यादीत छापलेलं असतं. ते वाचायची सवय मात्र आपल्याला नाही.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि "दिवसातून दोनदा" एवढंच असतं. कशाबरोबर, किती, जेवणाआधी की नंतर, दूध आणि खव्यापासून किती अंतरानं, हे तोंडी सांगितलं जातं आणि रिक्षात बसेपर्यंत विसरलं जातं. आपल्या शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागानं प्रत्येक चिठ्ठीवर अनुपानाची एक ओळ मराठीत लिहायचा पायंडा पाडावा, आणि मधुमेह आहे का, हे औषध लिहिण्याआधी विचारावं. खर्च शाईचा. खासगी वैद्यांना मग मागे राहून चालणार नाही, आणि रांगेतल्या सल्लागारांचं कामही आपोआप कमी होईल.

– पथ्यकर