‘काका, परत एकदा उतरा!’

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात सात पाहुणे आले. चार मुली, तीन मुलगे. सगळे नववीतले. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका शाळेत शिकणारी आणि तिथल्याच वस्तीत राहणारी ही मुले. शाळेच्या प्रकल्पासाठी त्यांनी पाच मिनिटांचा एक लघुपट तयार केला होता आणि तो ‘आपल्या पेपरवाल्यांना’ दाखवायचा होता. आम्ही तो मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर त्यांनी आपल्या प्रकल्पाच्या वह्या पुढे केल्या. लघुपट चांगलाच आहे. पण खरे सांगायचे तर त्या वह्यांनी आम्हाला रात्रभर झोपू दिले नाही. म्हणून आजचा हा लेख.

शाळेने विषय दिला होता परिसर स्वच्छतेचा. सात-सात जणांचे गट, प्रत्येक गटाने एक लघुपट करायचा आणि प्रत्येकाने दोन पाने अनुभवलेखन करायचे. बाकीच्या गटांनी काय केले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. दोन मुले रस्त्यावर वेफर्सचे पाकीट टाकतात, तिसरा येऊन त्यांना उपदेश करतो, ती शरमिंदी होतात आणि शेवटी सगळे मिळून झाडू हातात घेऊन फोटो काढतात. या सात जणांनी मात्र एक वेगळा प्रश्न विचारला. हा फोटो काढून सगळे घरी गेल्यावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस झाडू कोणाच्या हातात असतो? आणि रस्त्याच्या खाली जे तुंबते, ते कोण काढतो? उत्तर शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. त्यांच्यातल्याच एका मुलाचे वडील कंत्राटदाराकडे गटारे साफ करण्याच्या कामावर जातात.

रविवारी सकाळी चाळीमागचे चेंबर तुंबले होते. मुले मोबाइल घेऊन तिथे पोहोचली. त्या बापमाणसाने शर्ट काढला, कमरेला दोर बांधला, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि तो खाली उतरला. ना मास्क, ना हातमोजे, ना बूट. अर्ध्या तासाने पाणी वाहते झाले आणि तो वर आला. तेवढ्यात शूटिंग करणाऱ्या मुलीच्या लक्षात आले की ऊन समोरून येत होते, त्यामुळे चित्र काळे आले आहे. गटाचा ‘डायरेक्टर’ झालेला मुलगा उत्साहाने ओरडला, “काका, परत एकदा उतरा ना, नीट आलं नाही!” आणि काका परत उतरले. पोरांचा शाळेचा प्रकल्प आहे म्हणून उतरले. या खेपेला चित्र छान आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी कोणालाच काही वाटले नाही. रात्री मोबाइलवर तुकडे जोडताना त्या मुलीने दोन्ही चित्रे एकापाठोपाठ पाहिली. तिने वहीत लिहिले आहे की पहिल्यांदा काका उतरले ते चेंबर तुंबले होते म्हणून. दुसऱ्यांदा उतरले तेव्हा पाणी वाहत होते, काम संपले होते. दुसऱ्यांदा त्यांना आम्ही उतरवले.

त्या सफाई कामगाराच्या मुलाचे अनुभवलेखन सगळ्यांत लहान आहे. दोन पाने सोडाच, पुरते अर्धे पानही नाही. तो लिहितो की त्या दिवशी पप्पांनी दोनदा अंगाला साबण लावला. मी टॉवेल धरून उभा होतो. मी नको म्हणालो नाही, कारण आमचा सिनेमा चांगला व्हावा असे मलाही वाटत होते.

आम्ही या मुलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. उलट, जे त्यांनी चौदाव्या वर्षी ओळखले आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, ते भल्याभल्यांना हयातभर कळत नाही. आमच्या दुःखावर चित्रपट काढून देशविदेशांत नाव कमावणाऱ्या किती जणांनी आपल्या वहीत अशी कबुली दिली आहे? आमच्या माणसाला ‘परत एकदा उतरा’ म्हणणारे पुष्कळ झाले. कोणी अभ्यासासाठी म्हणाले, कोणी पुरस्कारासाठी, कोणी निवडणुकीसाठी. आपण त्याला दुसऱ्यांदा उतरवले असे लिहिणारी ही सात मुले आम्हाला प्रथमच भेटली.

मुलांनी जे टिपले ते काय होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे हा या देशात गुन्हा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला कायदा १९९३ चा. तो अपुरा ठरला म्हणून २०१३ साली नवा कायदा झाला आणि तो अंमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईस बंदी केली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, न्यायालयाचे आदेश आहेत आणि तरीही चाळीमागे रविवारी सकाळी एक माणूस कमरेला दोर बांधून खाली उतरतो. तेव्हा मुलांच्या मोबाइलमध्ये होता तो शाळेचा प्रकल्प नव्हे, पुरावा होता. पण तो पुरावा आहे हे त्यांना कोणी शिकवले? पाठ्यपुस्तकातल्या स्वच्छतेच्या धड्यात बाकी सगळे असते, हा कायदा नसतो.

इथे थोडे मागे वळून पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. आमच्याविषयी लिहिणारे होते, आमचे लिहिणे छापणारे नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि आमच्या हाती लेखणी आली. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला तेव्हा त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. चित्रपटाची ताकदही बाबासाहेबांनी ओळखली होती. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाच्या मुहूर्ताला ते जातीने हजर राहिले. १९५४ च्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

पण कॅमेऱ्याने आमच्याशी कसा व्यवहार केला? मल्याळम भाषेतल्या पहिल्या चित्रपटात पी. के. रोझी नावाची दलित मुलगी नायिका झाली. तिने पडद्यावर नायर स्त्रीची भूमिका केली एवढ्यावरून सवर्ण प्रेक्षक खवळले आणि त्या मुलीला गाव सोडून पळावे लागले. ही गोष्ट सुमारे शंभर वर्षांपूर्वीची. नंतरच्या काळात आम्ही पडद्यावर आलो ते मार खाणारे, रडणारे, कोणा दयाळू नायकाच्या पायाशी बसणारे म्हणून.

हे चित्र पालटले ते आमची मुले कॅमेऱ्यामागे उभी राहिली तेव्हा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नगरच्या महाविद्यालयात जनसंज्ञापन शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ लागलेल्या एका पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे तोही एका विद्यार्थ्याचाच लघुपट होता, हे आम्ही या सात जणांना मुद्दाम सांगितले. २०१३ च्या ‘फँड्री’त जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने. मौज पाहणाऱ्या नजरेवर तो दगड होता. २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये गटारात मेलेल्या कामगाराचा खटला आला आणि त्यातल्या लोकशाहिराची भूमिका केली ती नागपूरचे आपले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. २०२१ मध्ये ते गेले. त्यांची ती तापलेली, तरी संयमी मुद्रा चळवळ विसरणार नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मग प्रश्न सुटला का? या मुलांच्या वह्या सांगतात की नाही सुटला. कॅमेरा आपल्या हाती आला तरी नजर उसनी असू शकते. वर्षानुवर्षे आपण टीव्हीवर जे पाहिले तेच डोक्यात मुरते. माणूस जितका खोल गाळात, तितके चित्र ‘भारी’, हे त्या चौदा वर्षांच्या डायरेक्टरला कोणी शिकवले? आपणच पाहिलेल्या आणि पुढे पाठवलेल्या हजारो चित्रफितींनी शिकवले. वस्तीवर अत्याचार झाला की पीडितेचे नाव आणि चेहरा मोबाइलवरून गावभर फिरवणारे सगळेच काही परके नसतात. जयभीम म्हणून तेच करणारेही आपल्यात आहेत. हे आम्ही दुःखाने लिहितो, पण लिहिले पाहिजे.

मुलांनी पुढे काय केले ते महत्त्वाचे आहे. दुसऱ्यांदा उतरतानाचे स्वच्छ, छान आलेले चित्र त्यांनी काढून टाकले आणि पहिले काळे, धूसर चित्रच ठेवले. मग ती सगळी काकांच्या घरी गेली, त्यांची माफी मागितली आणि विचारले, “काका, तुम्हाला काय दाखवायचं आहे?” हा प्रश्न त्या माणसाला आजवर कोणीच विचारला नव्हता. काका म्हणाले, माझा चेहरा दाखवू नका, गावाकडे म्हातारी आई आहे, तिला मी झाडलोटीचे काम करतो एवढेच ठाऊक आहे. पण माझा आवाज घ्या. आता लघुपटात शेवटची दीड मिनिटे पडदा जवळजवळ रिकामा आहे. दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेल तेवढा दिसतो आणि आवाज येतो. चेंबरचे झाकण उघडल्यावर आधी किती वेळ थांबायचे, कोणत्या वासाला मागे फिरायचे, जेवताना हात नाकाजवळ आला की काय होते, आणि मुलाला या कामाच्या आसपासही का फिरकू द्यायचे नाही, हे तो माणूस शांतपणे सांगतो. रडत नाही. कोणाची दया मागत नाही. शेवटी विचारतो की गाडी आणि यंत्र असताना मला का उतरवता? एवढाच प्रश्न, आणि लघुपट संपतो.

शाळेला तो प्रश्न रुचला नाही. वरून सूचना आली की प्रकल्प ‘सकारात्मक’ असावा, शेवट बदलावा, झाडू घेतलेल्या मुलांचा एक फोटो तरी घालावा. मुलांनी आपल्या बाईंना विचारले. बाई म्हणाल्या की गुण कमी मिळतील, पण लघुपट तुमचा आहे, तुम्हीच ठरवा. मुलांनी एकमताने शेवट तसाच ठेवला. त्यांना गुण कमी मिळाले. आम्ही त्या शिक्षिकेचे मनापासून अभिनंदन करतो. आणि ज्यांनी सूचना केली त्यांना नम्रपणे विचारतो की कायदा मोडला जात असल्याचे मुलांनी दाखवले, यात नकारात्मक काय आहे? गटारात माणूस उतरतो हे नकारात्मक की ते दिसते हे नकारात्मक?

हा लघुपट शाळेच्या संमेलनात दाखवला गेला नाही. तो दाखवला गेला वस्तीतल्या बुद्ध विहारात, भिंतीवर पांढरी चादर लावून. तत्पूर्वी मुलांनी तो काकांना एकट्याला दाखवला आणि त्यांनी हो म्हटल्यावरच लोकांना बोलावले. शंभरेक माणसे जमली. काका मागच्या रांगेत बसले होते. लघुपट संपल्यावर वस्तीतल्या काही बाया उठल्या आणि म्हणाल्या की आपल्या चेंबरसाठी यापुढे माणूस उतरू द्यायचा नाही, गाडी आल्याशिवाय झाकण उघडू द्यायचे नाही. वॉर्ड ऑफिसला देण्यासाठी तिथेच अर्ज लिहिला गेला आणि सह्या झाल्या. पाच मिनिटांच्या लघुपटाने याहून अधिक काय करायचे असते?

आता समाजबांधवांना दोन शब्द. १४ एप्रिलला डीजेवर आपण किती पैसा उधळतो, याचा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करावा. त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात वस्तीतल्या मुलांसाठी एक बरा माइक, एक स्टँड आणि वर्षभराच्या शिबिराचा खर्च निघतो. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात महिन्यातून एक रविवार मुलांच्या लघुपटांसाठी ठेवा. ज्यांना तंत्र येते त्यांनी ते शिकवावे. आणि तंत्राच्या आधी या सात जणांच्या वहीतले तीन नियम शिकवावेत. ज्याचे चित्र घ्यायचे त्याला आधी विचारा, काय दाखवायचे ते त्यालाही ठरवू द्या आणि तयार झालेले सगळ्यांत आधी त्यालाच दाखवा. हे नियम कोणा संस्थेने शिकवलेले नाहीत. एका चुकीतून आणि तिच्या प्रामाणिक कबुलीतून ते निघाले आहेत, म्हणून आम्हाला ते मोलाचे वाटतात.

जाताना तो टॉवेल धरून उभा राहिलेला मुलगा दाराशी थांबला. पुढचा लघुपट कशावर करणार, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, आधी अर्जाचं काय होतं ते बघू. गाडी आली तर तिचं शूटिंग करू.”

ती गाडी त्या वस्तीत येते की नाही, यावर आम्हीही लक्ष ठेवून आहोत. संबंधितांनी याची नोंद घ्यावी.