श्रोतामंडळांचा धडा

रेडिओ गावात पोचला की माहितीही पोचते, हा समज १९५६ साली पुणे परिसरात तपासला गेला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० गावांतून शेतकऱ्यांची श्रोतामंडळे उभी केली. कल्पना मूळची कॅनडातली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करत आणि निमंत्रक त्यांच्या शंका केंद्राकडे पाठवी.

मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. तुलनेसाठी नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेलीही गावे घेतली होती. मंडळांच्या गावांत शेती व आरोग्याविषयीचे ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ फारच थोडी होती. फरक पडला तो चर्चेने, आणि या प्रयोगाचे खरे मोल इथेच आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चर्चेत मत मांडता येत होते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

आज हवामान आणि बाजारभाव ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतात. एकट्याने पाहिलेल्या व्हिडिओतली औषधाची चुकीची मात्रा कोणी न तपासता थेट फवारणीपर्यंत जाऊ शकते. तोच व्हिडिओ बचतगटाच्या बैठकीत सर्वांनी मिळून पाहणे आणि कृषी सहायकाला तिथेच प्रश्न विचारणे फारसे खर्चिक नाही.