कॅलिब्रेट न केलेला टेस्टर आणि आपला फुकाचा आत्मविश्वास

परवा एका मित्राने ग्रुपवर फोटो टाकला. शनिवार-रविवार खपून त्याने घरी कंपोनंट टेस्टर बनवला होता. अॅक्रिलिकचा डबा, निळा डिस्प्ले, तीन रंगांच्या तीन क्लिपा आणि स्क्रीनवर झोकात "९९८.४ ओहम". खाली अंगठ्यांची रांग. मी आपलं सहज विचारलं, "कॅलिब्रेट केलास का?" उत्तर आलं, "अरे चालतोय ना मस्त! कॅलिब्रेशन वगैरे लॅबवाल्यांची फॅडं."

आज ह्या वाक्याशी भांडायचं आहे. मित्राशी नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत होतो.

आधी ज्यांना हे खेळणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्कुस फ्रेयेक ह्या जर्मन माणसाने एटीमेगा८ वर एक साधा ट्रान्झिस्टर टेस्टर बनवून सगळ्यांसाठी खुला केला. पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर ह्यांनी तो इतका वाढवला की आज त्याचं माहितीपुस्तक शंभरावर पानांचं आहे. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त टेस्टर ह्याच कामावर उभे आहेत. कुठलाही दोन-तीन पायांचा पार्ट कसाही लावा, बटण दाबा, तो काय आहे ते टेस्टर सांगतो. ट्रान्झिस्टर, मॉसफेट, डायोड, कॉइल, कॅपॅसिटर, सगळं. आत एक एटीमेगा३२८, तीन टोकांना प्रत्येकी एक ६८० ओहमचा आणि एक ४७० किलोओहमचा रेझिस्टर, एक क्रिस्टल, बास. सामान तपकीर गल्लीत तासाभरात मिळतं. गल्ली अरुंद आहे, दुचाकी लांब लावा, एवढाच सल्ला.

तर झालं असं. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बिघडला. पंप मधेच सुरू व्हायचा, मधेच बंद पडायचा. सेक्रेटरी काका दारात उभे. "काय रे, तू इंजिनियर ना? बघ जरा." मी सॉफ्टवेअरवाला आहे हे सांगायचं सोडून मी छाती फुगवून बोर्ड घरी आणला. नवाकोरा टेस्टर हाताशी होताच!

पॉवर सप्लायचे चार कॅपॅसिटर काढले. टेस्टर म्हणाला, ईएसआर ०.४ ओहमच्या आसपास. म्हणजे कॅपॅसिटरच्या आतला स्वतःचा रेझिस्टन्स. तसल्या कॅपॅसिटरचा तो ०.१ च्या आत हवा. "सापडलं!" चारही बदलले, आणि बदलताना बोर्डावरचं एक पॅड उखडलं, ते वायर लावून कसंबसं सांधलं. बोर्ड परत बसवला. पंप तसाच. वर आता माझं जोडलेलं पॅडही दगा द्यायला लागलं. शेवटी नवा कंट्रोलर आणावा लागला. तोवर दोन दिवस चौसष्ट घरांनी बादल्या भरून ठेवल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्ट बंद असताना खालून पाणी नेताना मला जिन्यात भेटल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मूळ दोष काय होता? रिलेच्या पायाचं ड्राय सोल्डर. भिंग घेऊन बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं गेज रूममध्ये होते. त्यांनी टेस्टर हातात घेतला, उलटापालटा केला आणि एकच प्रश्न विचारला. "ह्याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी?" मी गप्प. ते म्हणाले, "आमच्याकडे स्टिकरवरची तारीख उलटून गेलेला मायक्रोमीटर कुणी वापरला तर त्याला घरी पाठवायचे. तू तर तारीखच लावलेली नाहीस."

रात्री डब्यातले तेच चार जुने कॅपॅसिटर काढले. टेस्टरची तीनही टोकं एकत्र जोडून सेल्फ-टेस्ट चालवली, सांगेल तेव्हा टोकं सोडली, मग एक आणि तीन नंबरला एक चांगला फिल्म कॅपॅसिटर लावला. दोन-तीन मिनिटांचं काम. पुन्हा मोजलं. ०.०६ ओहम. चारही ठणठणीत! बाकीचा सगळा "दोष" माझ्या स्वस्त क्लिपांचा आणि वायरींचा होता.

आता जरा आत डोकावू, कारण "मशीन आहे, बरोबरच सांगणार" ही समजूत तिथेच फुटते.

एक. लहान रेझिस्टन्स मोजताना टेस्टर ५ व्होल्ट ६८० ओहममधून सोडतो, म्हणजे करंट साधारण ७ मिलिअँपिअर. ०.१ ओहमवर त्याने पडतात ०.७ मिलिव्होल्ट. आणि चिपचा १० बिटांचा एडीसी, १.१ व्होल्टच्या मापावर लावला तरी, त्याची एक पायरी आहे १.०७ मिलिव्होल्टची. म्हणजे जे मोजायचं ते एका पायरीपेक्षा लहान. फर्मवेअर पुन्हापुन्हा नमुने घेऊन त्यातून आकडा काढतं, हे कौतुकास्पदच आहे. पण तिथे क्लिपेचे ०.३ ओहम वजा केले नाहीत तर उरलं काय?

दोन. तो १.१ व्होल्टचा संदर्भ. नाव १.१, पण डेटाशीट सांगते की चिपगणिक तो १.० ते १.२ मधे कुठेही असू शकतो. वरखाली नऊ टक्के! छोटे कॅपॅसिटर मोजताना टेस्टर ह्याच रेषेपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते बघतो. रेषाच हललेली असेल तर वेळ कितीही अचूक मोजा. सेल्फ-टेस्टमधला तो कॅपॅसिटर नेमका हीच चूक पकडण्यासाठी लावायचा असतो.

तीन. ६८० ओहम. पाच टक्केवाला घेतलात तर तो ६४६ ते ७१४ मधे काहीही असेल, आणि सगळी मापं त्याच्याशीच तुलना करून निघतात. तिथे पन्नास पैसे वाचवून स्क्रीनवर दशांशाची घरं दाखवणं म्हणजे शुद्ध थापा.

चार. क्रिस्टल वाचवून चिपच्या आतल्या घड्याळावर भागवणारे महाभाग आहेत. एटीमेगा३२८ चं ते घड्याळ कारखान्यातून येतानाच दहा टक्क्यांपर्यंत चुकलेलं असू शकतं. वेळ चुकली की कॅपॅसिटरचं माप तेवढंच चुकलं.

मुद्दा कळला ना? डिस्प्लेवर चार आकडे दिसतात म्हणून चार आकडे खरे नसतात. बारकाई वेगळी, खरेपणा वेगळा.

आता नेहमीचे आक्षेप.

"हॉबी आहे रे, एवढं काय मनावर घ्यायचं?" हॉबी असेल तर फक्त डब्याकडे बघत बसा, हरकत नाही. पण त्या आकड्यावरून तुम्ही कुणाचा बोर्ड खोलणार असाल तर ती हॉबी राहत नाही. आजींच्या हातातल्या बादलीला तुमची हॉबी कळत नाही.

"दुसऱ्याच्या टेस्टरवरही तेवढंच आलं." अहो, तीच चिप, तेच फर्मवेअर, तसल्याच क्लिपा. दोन कॉप्या जुळल्या म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे आपण परीक्षेत शिकलोय.

"प्रॉपर कॅलिब्रेशनला हजारो रुपये लागतात." लॅबचा कागद हवा असेल तर लागतात. तुम्हाला तो नकोय. तुम्हाला हवेत १० ओहम, १ किलोओहम आणि १०० किलोओहमचे ०.१ टक्केवाले तीन रेझिस्टर, एक टक्क्याचे दोन फिल्म कॅपॅसिटर, आणि त्यांना ठेवायला एक डबी. एका पिझ्झ्यात भागतं. महिन्यातून एकदा ते पाच पार्ट मोजा, वहीत लिहा. आकडा सरकला तर कारण शोधा. क्लिपा बदलल्या तर सेल्फ-टेस्ट पुन्हा. आणि हो, कॅपॅसिटर लावायच्या आधी डिस्चार्ज करा, नाहीतर कॅलिब्रेट करायला चिपच उरणार नाही :)

सगळ्यात जास्त राग मला कशाचा येतो सांगू? आपण सॉफ्टवेअरवाले आहोत. टेस्ट न लिहिता कोड मर्ज केला तर रिव्ह्यूमधे आपण ज्युनियरला फाडून खातो. आणि शनिवारी घरी आलो की टेस्टिंगचंच यंत्र बनवतो आणि ते टेस्ट करत नाही! वर त्याचा फोटो टाकतो. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, तो दिसला नाही तर आपण भांडतो. आपल्या काट्यावर कुठला शिक्का आहे?

मी हे "बनवू नका" म्हणून लिहीत नाहीये. उलट बनवाच. विकतच्यापेक्षा घरचा टेस्टर बरा, कारण त्याच्या आत चूक कुठे शिरते हे तुम्हाला माहीत असतं. पण ते माहीत करून घ्यायचं नसेल तर घरी बनवून मिळवलं काय? बॉक्स बंद करून स्क्रू आवळले म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

माझ्या टेस्टरच्या पाठीवर आता एक पांढरं स्टिकर आहे. त्यावर तारीख आणि बाबांची सही. दर महिन्याला ते स्वतः वही मागतात आणि गेल्या महिन्याचा आकडा आधी बघतात. मित्रा, तुझा टेस्टर घेऊन ये रविवारी. पाच पार्टची डबी माझी, चहा आईचा. फक्त एक अट, आकडा काहीही आला तरी तोच ग्रुपवर टाकायचा.