छोट्या बोटीवरचं रडार आणि ऑटोपायलट: आधी पत्रिका जुळवा, मग खरेदी करा



चंदीगडच्या सुखना तलावात पायडल बोट चालवताना कुणाला रडारची आठवण होत नाही. समोरचा काठ दिसत असतो. पण आपल्यापैकी अनेकांचं आजोळ किंवा सासर कोकणात, गोव्यात आहे. तिथे कुणाची मासेमारीची होडी असते, कुणी पर्यटकांसाठी बोट घेतं, कुणाला शिडाच्या बोटीचं वेड असतं. रात्री, धुक्यात किंवा मुसळधार पावसात तिथे काठ दिसत नाही. त्यामुळे घरात बोटीसाठी रडार आणि ऑटोपायलट घ्यायचं चाललं असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

दोघांची कामं वेगळी

ऑटोपायलट सुकाणू सांभाळतो. बोट ठरलेल्या दिशेपासून ढळली की होकायंत्र त्याला कळवतं आणि तो मोटरने किंवा हायड्रॉलिक पंपाने सुकाणू वळवतो. समोर काय आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. रडार रेडिओलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि दिशा दाखवतं. ते सुकाणूला हात लावत नाही. एकाला हात आहेत, दुसऱ्याला डोळे. निर्णय माणसाचाच.

एकट्या माणसाला या हातांचं मोल विचारा. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. ही बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. एकटा खलाशी झोपतो, जेवतो, शिडं दुरुस्त करतो तेव्हा सुकाणू कुणीतरी धरायला हवंच.

पहिला प्रश्न: कोण कोणाशी बोलतं?

बोटीवरच्या उपकरणांची एक सामाईक भाषा आहे, तिचं नाव एनएमईए २०००. यात एक मुख्य केबल असते, तिला वीज एका ठिकाणाहून देतात, दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावतात आणि प्रत्येक उपकरण छोट्या केबलने तिला जोडतात. तिच्याआधीची एनएमईए ०१८३ ही भाषा बरीच हळू आहे. जुनं उपकरण नव्या केबलला जोडायचं तर मध्ये दुभाषा, म्हणजे कन्व्हर्टर, लागतो.

खरी मेख इथे आहे. एका कंपनीचा ऑटोपायलट दुसऱ्या कंपनीच्या स्क्रीनवरून दिशा किंवा मार्ग घेऊ शकतो, कारण ही माहिती छोटी असते आणि सामाईक भाषेत मावते. रडारचं चित्र त्यात मावत नाही. ते वेगळ्या केबलने किंवा वाय-फायने जातं आणि बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या स्क्रीनवर उमटतं. म्हणून ‘दोन्हीवर एनएमईए २००० लिहिलंय, म्हणजे चालेल’ एवढ्यावर विसंबू नका. आधी स्क्रीन ठरवा, तिला चालणारं रडार घ्या आणि मग ऑटोपायलट बघा. स्क्रीनचं नेमकं मॉडेल त्या रडारच्या यादीत आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या.

एक होकायंत्र, दोन कामं

रडारचं चित्र नकाशावर नीट बसवायचं असेल किंवा समोरच्या जहाजाचा वेग आणि मार्ग मोजायचा असेल, तर बोटीचं तोंड कुठे आहे ही माहिती सेकंदाला साधारण १० वेळा मिळावी लागते. जीपीएसचा काटा इथे पुरत नाही, कारण थांबलेल्या बोटीचं तोंड कुठे आहे हे जीपीएसला कळत नाही. चांगल्या ऑटोपायलटसोबत असं जलद होकायंत्र येतं आणि केबलवरून ते रडारलाही वापरता येतं. हे आधी विचारलंत तर दुसऱ्या होकायंत्राचा खर्च वाचतो. ते इंजिन, लोखंड आणि स्पीकरपासून लांब बसवा.

तीन हिशेब घरीच करा

वजन: ऑटोपायलट रिकाम्या बोटीच्या वजनावर निवडू नका. बोट ४ टनांची असेल आणि माणसं, इंधन, बर्फ धरून ५ टन होत असेल, तर २० टक्के जास्त धरून ६ टनांचा ऑटोपायलट बघा.

वीज: समजा १२ व्होल्टवर रडार २ अँपिअर आणि ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर घेतो. १० तासांत ६० अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणजे ती कमी पडणार. इंजिन सुरू करायची बॅटरी तर वेगळीच ठेवा.

उंची: खोक्यावर ४८ सागरी मैल छापलेलं असलं, तरी ४ मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यालगतच्या वस्तू ४ ते ५ सागरी मैलांपर्यंतच दिसतील. उंच जहाज किंवा डोंगर त्याहून लांबून दिसेल. लाकडी आणि फायबरच्या होड्या रडारवर पुसट उमटतात, म्हणून आपल्याही बोटीवर रडार रिफ्लेक्टर लावा.

हात सुकाणूजवळ ठेवा

उत्तम बोटीचंही सुकाणू बिघडू शकतं. नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जगप्रदक्षिणा करत असताना २०१८ मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. सुकाणूच चालत नसेल, तर ऑटोपायलट काय करणार? आणीबाणीसाठी हाताने वळवायचा दांडा बोटीवर ठेवा आणि तो एकदा लावून बघा.

समुद्रातल्या टक्करी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा. लहान होडीलाही त्यातून सूट नाही. पाण्यात पसरलेलं जाळं रडारला दिसेलच असं नाही, आणि ऑटोपायलट तर ठरलेल्या दिशेने सरळ त्यावर जाईल. म्हणून तांडेल झोपला, तर दुसरं कुणीतरी जागं हवंच. खरेदीच्या यादीत सगळ्यात वर हेच लिहा.