दिव्याचा रंग आधी ठरवा

कंट्रोल पॅनलच्या दारावर साडेबावीस मिलिमीटरच्या एका भोकात आता लाल, हिरवा, पिवळा असे सगळे रंग दाखवणारा एलईडी इंडिकेटर बसतो. तीन दिव्यांचे काम एकावर आले आणि दारावर जागा झाली, हे चांगलेच. पण तीन दिवे होते तेव्हा प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि खाली 'चालू', 'बंद', 'ट्रिप' अशी पट्टी होती. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, तोही जागेवरून ओळखत असे. आता सगळा भार रंगावर आला आहे, आणि रंगाच्या अर्थाबाबत आपल्या कारखान्यांत एकवाक्यता नाही.

स्विचगिअरमधली आपली जुनी रीत अशी, की ब्रेकर किंवा मोटर चालू असेल तर लाल, बंद असेल तर हिरवा. लाल म्हणजे आत वीज आहे, हात लावू नका. यंत्रांसाठीचे आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक वेगळे सांगते. त्यात लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडते आहे, हिरवा म्हणजे सारे ठीक आणि निळा म्हणजे चालकाने काहीतरी करायलाच हवे. दोन्ही रिती आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो दोन्ही एका शेडमध्ये नांदतात तेव्हा. वर्षानुवर्षे पंपांच्या पॅनलवर काम केलेला वायरमन परदेशी यंत्राचा हिरवा दिवा पाहून 'बंद आहे' असे समजला, तर त्याचा हात थेट जिवंत टर्मिनलवर जाईल. मुळात दिवा पाहून वीज बंद आहे असे कधीच धरू नये, टेस्टर लावूनच खात्री करावी. तरी दिव्याने माणसाला फसवू नये, ही जबाबदारी पॅनल बनवणाऱ्याचीच आहे.

ही जबाबदारी वायरिंगपर्यंत जाते. पीएनपी आउटपुटचा पीएलसी २४ व्होल्ट बाहेर देतो, म्हणून दिव्याची कॉमन वायर शून्य व्होल्टला जायला हवी. एनपीएनला नेमके उलटे. ही चूक निदान लगेच कळते, कारण दिवा पेटतच नाही. न कळणाऱ्या चुका अधिक घातक. सुटे एलईडी वापरताना कॉमनमध्ये एकच रेझिस्टर टाकला, तर दोन व्होल्टच्या आसपास पेटणारा लाल सगळा करंट ओढतो आणि सुमारे तीन व्होल्ट मागणारा हिरवा दबतो. पिवळा दिसायला हवा तिथे लाल दिसतो. म्हणून प्रत्येक रंगाला वेगळा रेझिस्टर हवा. २४ व्होल्टवर लाल एलईडीला दहा मिलिअँपिअर द्यायचे तर २.२ किलोओहमचा, आणि तोही अर्ध्या वॅटचा. पाव वॅटचा तापतो.

२३० व्होल्टच्या दिव्यांत आणखी एक दोष आढळतो. लांब कंट्रोल केबलमध्ये शेजारच्या वायरींमुळे बंद वायरीतही थोडा व्होल्टेज येतो. फिलामेंटचा जुना बल्ब त्याला दाद देत नसे. एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. बहुरंगी दिव्यात हिरव्यावर असा फिका लाल चढला की पिवळसर छटा येते आणि चालकाला नसलेला बिघाड दिसतो. कमी व्होल्टेजला न पेटणारा, संरक्षण असलेला दिवा घेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. थोडे पैसे वाचवण्यासाठी तो टाळू नये.

लॅम्प टेस्टचे बटणही रंगागणिक चालले पाहिजे. सगळे रंग एकदम पेटवले, तर कोणता गेला आहे हे मिश्रणात झाकले जाते.

यावर खर्च फारसा नाही, शिस्त हवी. पॅनलची ऑर्डर देतानाच रंगांचा तक्ता ठरवावा. कोणता रंग, त्याचा अर्थ काय, स्थिर की लुकलुकणारा, हे त्यात लिहावे. तोच तक्ता ड्रॉइंगमध्ये असावा आणि पॅनलच्या दारावर मराठीत चिकटवावा. एका शेडला एकच तक्ता असावा. जुन्या यंत्राची रीत वेगळी असेल, तर ते त्याच्या दारावर ठळक लिहावे. आणि पॅनल बनवणाऱ्यांना एवढीच विनंती, की या तक्त्यावर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय दाराला भोक पाडू नका.