दुखणें लपविणारे धावपटू

डिसेंबरची थंडी पडूं लागली म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानावर पहांटे कांहीं ओळखीचे चेहरे दिसूं लागतात. शाळा सोडून पांच-सात वर्षें झालेले हे आमचे जुने विद्यार्थी जानेवारींत मुंबईस होणाऱ्या मॅरेथॉन शर्यतीचा सराव करीत असतात. सिद्धेश्वर तलावाला वळसा घालून ते येतात, आणि त्यांस पाहून नववी-दहावींतील मुलेंही त्यांच्या मागें धांवूं लागतात. हें दृश्य कोणत्याही शिक्षकास आनंदच देईल. परंतु या आनंदाच्या भरांत आमच्या हातून एक चूक घडली आहे, ती येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं यांपैकीं एक तरुण नाताळच्या आठवड्यांत किंचित् लंगडत आमच्याकडे आला. उजव्या नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणीं दुखतें, असें तो म्हणाला. शर्यतीस साडेतीन आठवडे राहिले होते, आणि त्याच्या वहींत त्या रविवारीं बत्तीस किलोमीटरांची शेवटची मोठी दौड लिहिलेली होती. आम्हीं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलें, "अरे, एवढें मोठें काम करावयाचें तर थोडें दुखणारच." पोरानें आमचें ऐकलें. रविवारीं तो धांवला. सोमवारीं त्यास जिना उतरवेना. क्ष-किरणांच्या पहिल्या चित्रांत कांहीं दिसलें नाहीं, म्हणून चार दिवसांनीं तो पुन्हां धांवला. पुढें तीन आठवड्यांनीं काढलेल्या चित्रांत हाडाला गेलेला बारीक तडा स्पष्ट दिसला. शर्यत तर गेलीच, परंतु पुढले सहा महिनेही गेले. त्याच्या आईनें आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं; तेंच आम्हांस अधिक लागलें.

असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरणांस पुष्कळदां दिसत नाहीं, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. परंतु त्याहून मोठें अज्ञान निराळेंच होतें. ती रविवारची दौड चुकली तर सारा सराव वायां जाईल, असें त्यालाही वाटलें व आम्हांलाही वाटलें. वस्तुतः शर्यतीच्या तोंडावर केलेल्या श्रमांचें फळ शर्यतीच्या दिवशीं हातीं येतच नाहीं. धावपटू, जलतरणपटू व सायकलपटू यांच्यावरील अनेक प्रयोग एकत्र पडताळून 2007 सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचें प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनीं घटवून वेग मात्र तसाच ठेवणारांस सर्वांत अधिक लाभ होतो, असें त्यांत आढळलें. आठ-दहा दिवस पाय थांबविल्यानें महिनोन्महिने कमावलेला दम फारसा उणा होत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील कोणत्याही शेतकऱ्यास हें सहज पटेल. ज्वारी हुरड्यास आल्यावर शेतांत खत टाकून कणीस मोठें होत नाहीं. फार तर तुडवणीनें ताटें मोडतात.

बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांचें नांव आमच्या मुलांस क्वचितच ठाऊक असतें. 1919 सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत येथील खेळाडू ऑलिंपिकास पाठवावे असें आलें, आणि 1920 सालीं अँटवर्प येथें चौगुले मॅरेथॉन धांवले. ती वाट नेहमींहून लांब, 42 किलोमीटर 750 मीटर होती. ती त्यांनीं 2 तास 50 मिनिटें 45 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. अशा माणसांचा अभिमान वाटावा हें योग्यच. पण त्यांच्या कणखरपणाचा दाखला देऊन "दुखलें तरी थांबूं नको" असें मुलांस सांगणें, हा त्या दाखल्याचा दुरुपयोग होय. अनवाणी वाटांवर वर्षानुवर्षें टणक झालेला पाय आणि चार महिन्यांपूर्वीं कचेरींतील खुर्चीवरून उठून धांवूं लागलेला पाय, हे एक नव्हेत.

इथिओपियाचा अबेबे बिकिला 1964 सालीं टोकियो येथें जिंकला, तो आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारें पांच आठवड्यांनीं, ही गोष्ट मुलें मोठ्या चवीनें सांगतात. अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिनें 1984 सालीं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशीं ऑलिंपिक निवडीची शर्यत जिंकली, व त्याच वर्षीं लॉस एंजेलिसला सुवर्णपदकही मिळविलें. पण नीट पाहिलें तर या दोघांनींही दुखणें लपविलें नव्हतें. तें वैद्याच्या हातीं दिलें होतें. उलट पॉला रॅडक्लिफ पाहा. 2004 सालीं अथेन्सला ती जगांतील सर्वांत वेगवान मॅरेथॉन धावणारी स्त्री म्हणून गेली. शर्यतीच्या आधींच्या दिवसांत पायास दुखापत झाली, तेव्हां दाहशामक औषधें घेऊन ती उभी राहिली. त्या औषधांनीं पोट बिघडलें, असें तिनें पुढें सांगितलें. सुमारें 36 किलोमीटरांवर तिला रस्त्याच्या कडेला बसावें लागलें. आमचे तरुणही शर्यतीच्या सकाळीं आयब्युप्रोफेनची गोळी चहाबरोबर घेतात. शरीरांतील पाणी कमी होत असतां या गोळीचा भार मूत्रपिंडांवर पडतो, हें औषधविक्रेता त्यांस सांगत नाहीं, आणि तेही विचारीत नाहींत.

सर्वच दुखण्यांस भिऊन बसावें असें आमचें म्हणणें नाहीं. दोन्ही पोटऱ्या सारख्याच आंबल्या, टाचेस फोड आला, चार पावलें टाकल्यावर आखडलेपणा सुटला, तर काळजीचें कारण नाहीं. परंतु हाडावर बोट ठेवून दाखवितां येईल असें दुखणें, धांवतांना वाढत जाणारें दुखणें, रात्रीं अंथरुणांतही जागें ठेवणारें दुखणें, चाल बदलविणारें दुखणें, यांपैकीं एकही असेल तर त्याच दिवशीं थांबावें. जांघेंत खोल दुखूं लागलें तर मुळींच धांवूं नये. मांडीच्या हाडाच्या मानेस गेलेला तडा सरकला म्हणजे शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर राहत नाहीं.

मुलें दुखणें लपवितात तीं कोणाच्या भीतीनें? संघांतून नांव जाईल याच्या. बुटांस वडिलांनीं इतके पैसे घातले याच्या. आणि आमच्यासारख्यांच्या त्या पाठीवरच्या थापेच्या. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, नवव्या अध्यायांत, शर्यतीचा व शरीर ताब्यांत ठेवण्याचा दृष्टान्त आहे. तो आमच्या प्रार्थनासभेंत क्रीडादिनापूर्वीं हमखास वाचला जातो. शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर असल्याचें त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायांत आहे. तो भाग क्रीडादिनास वाचल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी घरीं लंगडत आली तर "किती धांवलास?" असें विचारण्यापूर्वीं "कुठें दुखतें?" असें विचारावें.

तो तरुण गेल्या डिसेंबरांत पुन्हां मैदानावर आला. आम्हीं नमस्कारही घेण्याआधीं त्यास नडगी दाखवावयास सांगितली. त्यानें हंसत पायमोजा खालीं केला, आणि मग आपण होऊन म्हणाला कीं, डावी टांच तीन दिवसांपासून थोडी दुखते आहे, म्हणून आजची फेरी तो सायकलवर करणार आहे.