पत्रे उतरवताना

गेल्या शनिवारी शेजारच्या सोसायटीत पार्किंगवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढले. काढले म्हणजे काय, वरून घण आणि खाली नुसता धुरळा! कामगारांच्या तोंडाला रुमाल. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, सिमेंटच आहे ते!"

नाही हो काका. त्यात साधारण १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा अख्खा असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले, फोडला की हवेत. डोळ्यांना न दिसणारे, रुमालातून आरपार जाणारे. मेसोथेलिओमा उगवतो २०-४० वर्षांनी. तेव्हा जाब कोणाला विचारायचा? कंत्राटदाराला?

बरं, उपाय तरी किती साधा! पत्रा आधी पाण्याने भिजवा म्हणजे तंतू उडत नाहीत. परांचीवरून हुकचे नट सोडवा, अख्खा पत्रा उतरवा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. ग्राइंडर नको, कोरडा झाडूही नको. रुमालाऐवजी एफएफपी३ मास्क. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, आपण अजून आयात करतोय. असो, ते दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. पण पाण्याचा पाइप तर सोसायटीचाच होता ना? त्याच सकाळी, दहा पावलांवर, त्याच पाइपने काकांची गाडी धुणं चाललं होतं.